गरम न होणारं इंजिन

आमची गाडी विकायची नाही, हे वडिलांनी ठरवलं होतं आणि आमच्या घरात वडिलांनी ठरवलं की विषय मिटतो. नोकरीला लागल्यापासून मी नव्या गाडीसाठी त्यांचं डोकं खात होते. नांदेडच्या आमच्या गल्लीत एवढी जुनी, एवढी छोटी गाडी आता फक्त आमच्याच दारात उभी असायची. ती न विकण्याचं कारण होती माझी आई.

आईला गाडी लागते. एसटीत लागते, ऑटोत लागते, ताईच्या नवऱ्याच्या एसी गाडीत तर दार लावल्याबरोबर लागते. फक्त आमच्या या डबड्यात तिला कधी उलटी झाली नाही. आणि लातूरला तर तिला जावंच लागायचं. तिथं तिची थोरली बहीण आहे, माझी मावशी. पडून खुबा मोडल्यापासून ती अंथरुणालाच खिळलेली. आई गेली की तिचे केस विंचरते, दोघी अर्धापूरच्या माहेराच्या गप्पा मारतात, सगळ्या भावजयांची उणीदुणी काढतात आणि पोटभर हसतात. परत आलेली आई पुढे बरेच दिवस खुशीत असते.

पण गाडीच्या इंजिनात आता काही राम उरला नव्हता. लोह्याला पोचेपर्यंत ते तापायचं. मग रस्त्याकडेच्या लिंबाखाली थांबायचं, वडिलांनी बॉनेट उघडायचं, इंजिन गार होईपर्यंत वाट बघायची, पाणी टाकायचं. पुढे अहमदपूरला तेच, चाकूरला तेच. येणारे-जाणारे बघायचे आणि वडिलांचा चेहरा पडायचा. मला तर गाडीतून उतरायचीही लाज वाटायची.

शेवटी गॅरेजच्या मिस्त्रींनी निकाल दिला. "काका, हे इंजिन खलास झालं. याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन टाकू, चार सिलिंडरचं. लातूरला एक गाडी हाय, पत्रा पार सडलाय, पर इंजिन कडक हाय."

"त्यापेक्षा दुसरी गाडीच घेऊ ना," मी म्हणाले.

"घे की," वडील म्हणाले. "आन् तुझ्या मायला बसव तिच्यात."

मी आरटीओचा अर्ज भरायला घेतला.

आरटीओची परवानगी झाली, टेम्पोतून लातूरचं इंजिन आलं. जुनं इंजिन साखळीनं वर उचललं तेव्हा वडील गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते, घरातलं कुणी ऑपरेशनला नेल्यासारखे. नवं इंजिन जुन्या जागेत सरळ बसेना. त्याच्यासाठी आधाराच्या पट्ट्या नव्यानं कराव्या लागल्या, रेडिएटर मोठा बसवावा लागला. सगळं झाल्यावर वडिलांनी किल्ली फिरवली. काही आवाज आला नाही म्हणून परत फिरवली, तर खर्रर्र! मिस्त्री धावतच आले. "काका, चालू हाय ना! चालूच हाय!" इंजिन एवढं शांत चालू शकतं हे वडिलांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांना तसं हसताना बघून मला फार बरं वाटलं.

मग गल्लीची काही धडगत नव्हती. दूधवाला, शेजारी, पेपरवाला, जो सापडेल त्याला वडील बॉनेट उघडून दाखवायचे. "हात लावून बघा. गरमच व्हत न्हाई." कुणी नुसतं "जुनीच हाय ना?" म्हटलं तरी त्यांना राग यायचा.

लातूरच्या पहिल्या फेरीला आम्ही तिघं निघालो. लोहा आलं आणि गेलं. वडील मागं वळून म्हणाले, "बघा, आता कुठंच थांबायचं काम न्हाई." ते खरंच कुठं थांबले नाहीत. अहमदपूरच्या अलीकडे आईनं काच खाली घेतली आणि डोकं बाहेर काढलं. लातूरला ती पोचली ती पांढरीफटक होऊन. मावशीच्या शेजारीच आडवी झाली. केस विंचरायचे राहून गेले.

पेट्रोलचा वास येत असेल म्हणून मिस्त्रींनी सगळे पाइप तपासले. पुढच्या वेळी आईच्या हातात लिंबू दिलं, गालात आल्याचा तुकडा दिला. तरी तेच. घरी आल्यावर ती म्हणाली, "इंजिन चांगलं हाय, पर माझ्या अंगाला न्हाई मानवलं. मी आता जात न्हाई. फोनवर बोलीन अक्कासंगं."

फोनवर मावशी रडायची. "सून विंचरती गं केस, पर तुझ्यावानी न्हाई." आई फोन ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. वडिलांनी लोकांना बॉनेट उघडून दाखवणं बंद केलं. मला दोघांची कीव यायची, आणि त्या इंजिनाचा संताप.

मग एका सकाळी चहा पिता पिता वडील म्हणाले, "चला, लातूरला जाऊन येऊ." आई नको नको म्हणाली. वडिलांनी गाडी दाराशी आणून उभी केली आणि खाली उतरलेच नाहीत. शेवटी ती बसली.

लोह्याला त्याच लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली, उतरून बॉनेट वर केलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी इंजिनाच्या तापमानाचा काटा बघितला. तो जागचा हललासुद्धा नव्हता.

"दादा, काय झालं?" मी वडिलांना विचारलं.

"बघावं लागंल," ते आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले.

आई उतरली. तोंडावर पाणी मारलं, चार पावलं चालली, टपरीवर अर्धा कप चहा घेतला, टपरीवालीला तिच्या नातवाचं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला मानवत होती ती जुनी गाडी नव्हती, ते थांबे मानवत होते. उभ्या आयुष्यात वडिलांनी तिला कधी "दमलीस का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्यापेक्षा त्यांना बॉनेट उघडणं सोपं होतं.

अहमदपूरला त्यांनी बॉनेट उघडलं. चाकूरला तर आईनंच पाण्याची कॅन काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि तशीच बाजूला ठेवली.

लातूरला मावशीच्या उशाशी बसून आई केस विंचरू लागली. मावशीनं विचारलं, "का गं, नवं इंजिन बसवलं म्हणत होतीस. तरी दुपार केलीस?"

"कशाचं नवं, अक्का," आई म्हणाली. "गरमच होऊन राहिलंय."

मी वडिलांकडे बघितलं. त्या इंजिनाला कुणी नावं ठेवली तर अख्ख्या गल्लीशी भांडणारा माणूस. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"हाव," ते म्हणाले, "लई गरम होतंय."