दुसऱ्या कंपनीचे तीस कॉम्प्युटर

सरांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "लॅबसाठी तीस कॉम्प्युटर घ्यायचेत. प्रोसेसर कुठल्या कंपनीचा घेऊ?" आणि मी नांदेडच्या दुकानात काउंटरमागं उभा राहून, क्षणभरही न थांबता, दुसऱ्या कंपनीचं नाव सांगितलं होतं.

आमच्या धंद्यात प्रोसेसर बनवणाऱ्या दोनच कंपन्या मोजल्या जातात. एक मोठी, जिचं स्टिकर लोक लांबून ओळखतात. दुसरी लहान. ती आता बुडणार, असं मी शिकत होतो तेव्हापासून ऐकत आलो. तिचा माल तापतो, हेही ऐकत आलो, आणि ते खोटं नव्हतं. जुने प्रोसेसर खरंच तापायचे. पण पुढं तिनं सगळं नव्यानं मांडलं. तिचे नवे प्रोसेसर मी माझ्या हातानं बसवले होते, महिनोन् महिने चालताना पाहिले होते. तेवढ्याच किमतीत ते जास्त काम करत. तरी गिऱ्हाईक पायरी चढतानाच विचारी, "मोठ्या कंपनीचाच हाय ना?" आणि मी बहुतेक वेळा हो म्हणून तोच काढून देई. वाद कोण घालत बसणार? सरांना मात्र मी मला खरं वाटत होतं ते सांगितलं.

सरांशी मला दुसरं काही बोलताच आलं नसतं. भोकरजवळच्या आमच्या गावातून अकरावीला मी लातूरला आलो, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. सरांच्या गणिताच्या क्लासमध्ये मी शेवटच्या बाकावर बसायचो. रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असते हे त्यांच्या घरी कसं कळलं कोण जाणे. पण दोन वर्षं दर रविवारी काकूंनी मला पानावर बसवलं. सरांच्या पत्नीला मी काकूच म्हणतो. मी पदवीधर झालो त्यात माझ्या अभ्यासाचा वाटा किती आणि त्या जेवणाचा किती, हे मला अजून सांगता येत नाही.

आता परीक्षा कॉम्प्युटरवर होतात आणि जळकोट, मुदखेडकडच्या खेड्यांतून आलेल्या मुलांचा हात माउसवर बसलेला नसतो. म्हणून सरांनी क्लासच्या वरच्या मजल्यावर सरावाची लॅब काढली होती. रविवारी पालकांसमोर तीन तासांची पहिली सराव परीक्षा. त्याआधी शनिवारी रंगीत तालीम.

शुक्रवारी टेम्पोतून मशिनं घेऊन मी लातूरला पोचलो आणि संध्याकाळपर्यंत सगळी जोडून दिली. क्लाससमोरचा रस्ता खणलेला होता. उघड्या खिडक्यांतून धूळ आत येत होती. शेवटचं मशीन सुरू करून पाहत होतो, तेवढ्यात काकू कापडाचं मोठं गाठोडं घेऊन वर आल्या.

"ही बघ, तीस झबली शिवलीत," त्या म्हणाल्या. "धुळीचं काही खरं न्हाई इथं."

प्रत्येक सीपीयूला अंगरख्यासारखं बसेल असं जाड फुलाफुलांचं कव्हर होतं. पुढं बटणापुरती खिडकी, मागं वायरींपुरती फट, कडेला गोट. आधी त्यांनी फोनवर सीपीयूचं माप विचारलं होतं ते ह्यासाठी; आठवडाभर शिलाई मशीनवर बसल्या असणार. त्यांनी पहिलं कव्हर चढवलं तेव्हा मागची हवेची जाळी झाकली जातेय, असं माझ्या मनात येऊन गेलं. काकू माझ्याकडं पाहत होत्या.

"लई छान झालीत, काकू," मी म्हणालो, आणि उरलेली चढवायला त्यांना मदत केली.

शनिवारी अकराला बारावीची तीस मुलं बसली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. एसी अजून बसला नव्हता. पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग एका मुलीनं हात वर केला, "सर, पान पुढं जाईना." मी उठून जाईपर्यंत तिच्या मागच्या रांगेतला एक पडदा काळा झाला. मग खिडकीजवळचा. मुलं एकमेकांकडं पाहू लागली. बाराच्या आत अकरा मशिनं बंद पडली होती.

काकूंचे धाकटे भाऊ, सरांचे मेहुणे, दारात उभे होते. ते बँकेत कारकून आहेत आणि ही खरेदी त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हती.

"काय इंजिनिअर साहेब, बारा वाजले वाटतं?" ते म्हणाले. मग सरांकडं वळून, "दाजी, मी म्हणलो होतो का न्हाई? हे तापतंयच. आमच्या बँकेत एक तरी दुसऱ्या कंपनीचं मशीन दाखवा."

सरांनी मुलांना खाली पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "उद्या काय करायचं?"

त्यांनी रागावायला हवं होतं. मला सोपं गेलं असतं.

"माझा एक कॉम्प्युटरवाला दोस्त हाय," मेहुणे म्हणाले. "चारपर्यंत कळवलं तर तो हे सगळं बदल्यात घेतो आणि सकाळच्या आत मोठ्या कंपनीची तीस लावून देतो."

खरं सांगायचं तर त्या घडीला माझाही विश्वास उडाला. मोठ्या कंपनीचं मशीन बंद पडलं असतं तर मी आधी पंखा बघितला असता, वीज बघितली असती. इथं माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की लोक म्हणत होते ते खरं होतं.

तरी हात सवयीनं चालत होते. मी एका मशीनचं कव्हर काढून बाजूला ठेवलं, बाजूचा पत्रा उघडला. पंखा फिरत होता. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट नीट होती. सुरू करून तापमान पाहिलं तर ते उतरत चाललं होतं. वीस मिनिटं पेपरचा प्रोग्राम चालवला. मशीन कुरकुरलंही नाही. मी पत्रा बसवला आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर काकूंनी त्याला पुन्हा झबलं चढवलं होतं, गळ्यापाशी ओढून सारखंही केलं होतं. मी त्यांच्यासमोर पुन्हा प्रोग्राम लावला. पाऊण तासानं तेच मशीन माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलं.

मी कव्हरवर हात ठेवला. भाकरी उतरवल्यावर तव्याची झळ लागावी तसं लागलं.

आता मला कळलं होतं, आणि बोलायचं होतं. काकू समोर होत्या, त्यांचे भाऊ दारात. साडेतीन वाजले होते. प्रोसेसर खराब निघाले म्हटलं असतं तर काकूंना कुणी बोल लावला नसता. ती कंपनी लातूरला येऊन थोडीच खुलासा करणार होती?

"सर, मशिनं चांगली आहेत," मी म्हणालो. "त्यांना हवा लागत नाही."

"हवा?" मेहुणे हसले. "आता ह्यांला हवा बदलायला महाबळेश्वरला न्यायचं का?"

काकू हसल्या नाहीत. त्या कव्हराकडं पाहत होत्या.

"म्हंजे माझ्या झबल्यांनी झालं का रे?"

मी मान डोलावली.

"काल दिसलं होतं का तुला?"

"थोडं… हाव, काकू. दिसलं होतं."

"मग छान झालीत कशाला म्हणलास?" त्यांचा आवाज चढला. "मी काय तुला मारणार होते? सरांची उद्या माणसांत शोभा झाली असती, तुझ्या छानपायी!"

त्या खोलीत त्यांच्याशी खोटं बोललेला मी एकटाच होतो, आणि ते खोटं मी आदर म्हणून बोललो होतो. काकूंनी स्वतः पहिलं कव्हर ओढून काढलं, मग दुसरं. मेहुणे म्हणाले, "अक्का, राहू दे, मशीनच बदलू." "तू गप बस," त्या म्हणाल्या, "आणि त्या कडंची काढ."

मुलांना परत वर बोलावलं. चार वाजले तेव्हा सगळी मशिनं उघडी चालत होती, पण चालून पंधराच मिनिटं झाली होती. मेहुण्यांनी मोबाईल पुढं केला. "दाजी, दोस्त थांबलाय. काय सांगू?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

"न्हाई म्हणून सांग त्याला," सर म्हणाले.

सात वाजेपर्यंत तीसही मशिनं चालली. मेहुण्यांनी ते पाहिलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "चालली, मान्य. पण मोठ्या कंपनीची असती तर एवढा जीव टांगणीला लागला असता का?" त्यांचं निम्मं खरं होतं. लहानानं बरोबरी केली तरी लोक त्याच्या चुकीची वाट बघत असतात, आणि ही वाट मीही बघितली होती.

रविवारी पालक भिंतीला लागून उभे होते. परीक्षेच्या दुसऱ्या तासात मधल्या रांगेतला एक पडदा अचानक काळा झाला. कुणीतरी "तीच ती कंपनी का?" असं कुजबुजलं. मी उठायच्या आत सर तिथं पोचले होते. ते पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता टेबलाखाली वाकले, त्या मुलाच्या पायात अडकून निसटलेली वायर शोधली, आणि परत बोर्डात घट्ट खोचली.