दाबून धरलेलं बटण
नव्या वायरलेस सेटचं खोकं उघडलं, कोऱ्या प्लास्टिकचा वास आला आणि घोडेगावच्या कचेरीतली ती सकाळ आठवली. पोलीस, वनखातं आणि तहसील यांचे सेट तेव्हा नुकतेच एका चॅनेलवर आणले होते. मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरातल्या एका गावी सेट दिला होता तो तिथल्या म्हाताऱ्या पोलीस पाटलांकडे. माझी बायको त्याच गावात शिक्षिका, आणि ती सकाळच्या एसटीने तिकडेच निघालेली. अचानक सेट खरखरला. "रामराम राव! घाटात दरड आलीया, लई मोठा आवाज झाला. यष्टी अजून न्हाई," पाटील म्हणाले आणि उत्तराची वाट बघत बटण तसंच दाबून बसले. बटण सोडल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही, हे त्यांना दहादा शिकवलं होतं! अख्ख्या चॅनेलवर फक्त त्यांचा खोकला आणि पत्र्यावरचा पाऊस. शेजारच्या हवालदाराने कपाळावर हात मारला. मी नुसता चडफडत होतो. मग सेटमधूनच लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. "आली रं आली!" पाटील ओरडले. पाठोपाठ एक ओळखीचा, वैतागलेला आवाज आला, "काका, दरड आमच्या मागं पडली. पण तुम्ही आधी ते बटण सोडा!" बायकोच होती ती. नव्या सेटवर बटण धरून ठेवलं तरी मिनिटभरात बोलणं आपोआप तुटतं. सुधारणा चांगलीच आहे. पण बायकोचं वैतागणं मला इतकं गोड लागलं, ते त्या जुन्या सेटवरच.