फॅब्रिक म्हणजे कापड

आमच्या रुग्णालयात काढलेले सगळे स्कॅन आणि एक्स-रे तळमजल्यावरच्या एका गार खोलीत साठवले जातात. साठवणारी मशीन एका बाजूला, डॉक्टरांना ते दाखवणारे सर्व्हर दुसऱ्या बाजूला आणि मधे दोघांच्या तारा जोडणारे स्विच. हे मधले स्विच बरीच वर्षं मी एकटीच सांभाळत आले. मग बार्शीची एक मुलगी आमच्या विभागात रुजू झाली. पुण्यात चार वर्षं काढून घराजवळची नोकरी म्हणून सोलापूरला आलेली, माझ्याहून पुष्कळ लहान. पहिल्याच दिवशी मला ताई म्हणाली आणि माझ्या टेबलाशेजारी बसली.

नवीन भरती झालेल्या लोकांना स्विचचे प्राथमिक शब्द शिकवायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. पोर्ट म्हणजे काय, झोन म्हणजे काय, फॅब्रिक म्हणजे काय, मी व्याख्या सांगायचे आणि लोक लिहून घ्यायचे. जांभया द्यायचे, पण लिहून घ्यायचे. एकदा मी रजेवर होते म्हणून साहेबांनी तिला उभं केलं. परत आले तर पुढचा वर्गही तिनेच घ्यावा असं ठरलेलं. साहेब मला एवढंच म्हणाले की तुमच्यावर आधीच कामाचा भार आहे.

मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती फॅब्रिकवर आली. म्हणाली, फॅब्रिक म्हणजे कापडच की. सर्व्हरकडून येणाऱ्या तारा म्हणजे ताणा, साठवणाऱ्या मशीनच्या तारा म्हणजे बाणा, आणि ते दोन्ही जिथं एकमेकांत गुंफले जातात तिथं स्विच. दोन-तीन स्विच जोडले की मिळून एकच कापड होतं. एखादा धागा तुटला म्हणून कापड फाटत नाही.

कुणी जांभई दिली नाही. मला मात्र अंगावर गरम पाणी पडल्यासारखं झालं. मी विणकराच्या घरची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, माझे वडील जन्मभर मागावर बसले, बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या आवाजात मी अभ्यास केला. फॅब्रिक हा शब्द मी हजार वेळा उच्चारला असेल आणि ताण्याबाण्याशी तो एकदाही जोडला नाही. ते उदाहरण माझं होतं. ते बार्शीच्या धान्यबाजारात वाढलेल्या मुलीने माझ्यासमोर उचललं.

त्यानंतर मी तिच्या चुकीची वाट बघू लागले, आणि ती एक दिवस मिळाली. ती वर्गात सांगत होती की कुठल्या सर्व्हरला साठवणीचा कुठला भाग दिसावा हे झोन ठरवतो, त्यामुळे तार एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावली तर झोन नव्याने करावा लागतो. मी उभी राहिले. म्हटलं, आपल्याकडे नाही लागत. आपले झोन पोर्टवर नाहीत, सर्व्हरच्या कार्डाला कारखान्यातच जो कायमचा क्रमांक मिळतो त्यावर आहेत. भाडेकरूने खोली बदलली म्हणून त्याचा आधार नंबर बदलत नाही.

ती ओशाळेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "माझं चुकलं. ताई, तुम्ही सांगितल्यावर हे किती सोपं झालं." पुढच्या वर्गात तिने तेच उदाहरण दिलं आणि आधी सांगितलं की हे ताईंचं आहे. तिने ते चोरलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं.

पुढे बोलता बोलता तिला कळलं की आमच्या घरी अजून एक हातमाग आहे. वडील आता चादरी करत नाहीत, भिंतीवर टांगायची चित्रं विणतात, तीही तब्येत बरी असेल तेव्हा. ती म्हणाली की माग तिने फक्त मोबाईलवर पाहिलाय, प्रत्यक्ष बघायचाय. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

रविवारी दुपारी ती आली. वडिलांनी तिला मागाजवळ बसवून घेतलं, धोटा हातात दिला. तिने दोनदा चुकीचा टाकला, ते हसले. मग त्यांनी तिला विचारलं की तुम्ही दोघी तिथं नेमकं करता तरी काय. मी आतून चहा घेऊन येत होते, ते ऐकून दारातच थांबले.

ती म्हणाली, "काका, पेशंटचा फोटो खाली ठेवलेला असतो आणि डॉक्टर वर बसलेले असतात. मधला माग तुमची मुलगी सांभाळते. तिनं दोन कापडं वेगवेगळी विणून ठेवलीत. मागच्या महिन्यात एक पार बंद पडलं, सगळं दुसऱ्यावरून चाललं. ऑपरेशन चालू होतं, डॉक्टरांना कळलंसुद्धा नाही."

वडिलांनी तिच्या हातातला धोटा घेऊन मागावर ठेवला. मग म्हणाले, "ही मला इतकी वर्षं सांगते, कंप्युटरचं काम हाय म्हणून. मला वाटायचं टायपिंग करत असंल."

मी चहा ठेवला. तिने माझी स्तुती केली होती आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता, तरी मला तिचा असा हेवा वाटला की कपाला हात लावायची इच्छा होईना. माझ्या वडिलांना माझं काम तिने सांगितलं. मला ते आमच्या भाषेतसुद्धा कधी सांगता आलं नव्हतं.

ती गेल्यावर वडिलांनी मला मागाजवळ बोलावलं आणि तेलुगूत विचारलं की दुसरं कापड वेगळं का ठेवायचं, एकच दाट का विणायचं नाही. मी सांगायला लागले. अडखळले, कारण त्या शब्दांसाठी तेलुगू मी कधी वापरलीच नव्हती. सांगितलं की एका कापडाला आग लागली तर ती दुसऱ्यापर्यंत पोचू नये, म्हणून त्यांच्यात एकही धागा सामाईक ठेवायचा नाही. ते मान हलवत ऐकत होते. अंधार पडेपर्यंत त्यांचे प्रश्न संपले नाहीत, आणि मलाही उठावंसं वाटलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "ती पोरगी परत कधी येणार?"

मी म्हटलं, विचारते. सोमवारी विचारलं नाही. मंगळवारी विचारलं.