दत्तोबांची खुर्ची

हमीद मैनुद्दीन यांना बास्केटबॉल जन्मात कधी खेळता आला नाही, पण दुसऱ्याला तो येत नाही हे त्यांना रस्त्यापलीकडूनही कळायचं. मंडईमागे त्यांचं मांडव-खुर्च्या भाड्याने द्यायचं दुकान. वडिलांनी घातलेलं, म्हणून प्रत्येक लोखंडी खुर्चीच्या पाठीवर तांबड्या रंगात ‘मैनुद्दीन’ लिहिलेलं. रविवार आला की दुकान मुलाच्या गळ्यात मारायचं, एक घडीची खुर्ची काखेत घ्यायची आणि शनिवार पेठेतल्या मंडळाच्या कोर्टावर जाऊन बसायचं. बायको मेहरुन दारातून म्हणायची, “अख्ख्या पुण्याला बसवणारा माणूस, बघा, स्वतः कुठं जाऊन बसतोय!”

तेव्हा तिथे दत्तोबा शिकवायचे. कोर्ट मुरमाचं, पोरं अनवाणी, आणि दत्तोबा रेघेपाशी उभे. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उभेच. कोणी बसा म्हटलं तर म्हणायचे, “मी बसलो की संघ बसतो.” घाम पुसायचा टॉवेल मात्र ठेवायला जागा लागायची. तो ते मागे न बघता हमीदभाईंच्या खुर्चीच्या पाठीवर भिरकावत. हमीदभाईंची कॉलर दर रविवारी ओली व्हायची. पण ज्याच्या हाताखाली पेठेतली किडकिडीत पोरं भल्याभल्यांना रडवत होती, त्याचा टॉवेल होता तो. कॉलरचं काय एवढं?

दत्तोबा गेले त्या दिवशी हमीदभाई कोर्टावरूनच दवाखान्याकडे धावत सुटले, खुर्ची तिथेच राहिली. टॉवेलसकट. मंडळाने शोकसभेसाठी तिचाच फोटो काढला. ‘सरांची रिकामी खुर्ची.’ हमीदभाई ती न्यायला गेले तेव्हा तिला हार घातलेला होता आणि लोक चपला काढून पाया पडत होते. आता शोकसभेत माझी खुर्ची द्या म्हणणार कसं? गप्प बसले. बसले कसले, त्या दिवसापासून भिंतीला टेकून उभे राहायला लागले. मनात एकच यायचं, जो माणूस जन्मभर बसला नाही त्याची आठवण ठेवायची, आणि ती खुर्चीची!

दत्तोबांच्या मागे आला संपत, त्यांचा लाडका चेला. गुरूची शिट्टी त्याच्याकडे आली. ती वाजवायची कला त्याने चांगली उचलली, कधी वाजवायची तेवढं शिकायचं राहिलं. मुलांचा संघ त्याने धुळीला मिळवला आणि कमरेचं कारण सांगून घरी गेला. उरला मुलींचा संघ, त्याला कोच म्हणून आला गोपाळकृष्ण, दत्तोबांचा मुलगा. पात्रता काय, तर आडनाव. टाइमआउट घेतला की तो आधी रेघेपाशी मांडून ठेवलेल्या त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचा, मग मुलींना सांगायचा काय करायचं ते. हमीदभाई शेजाऱ्याला विचारायचे, “फोन लागला का हो?”

वारजे महापालिकेत आलं त्या सुमाराला सर्जेरावांची मुक्ता संघात आली. सर्जेरावांच्या शेतावर इमारती उभ्या राहिलेल्या, म्हणून ते जीप घेऊन लेकीला सोडायला यायचे. हमीदभाईंनी पहिल्या दिवशीच नाक मुरडलं. “वारज्याहून काय आणलंय? भुईमुगाच्या शेंगा तरी आणायच्या.”

मग सरावात मुक्ताने एक पास दिला. जिथे कोणीच नव्हतं तिथे चेंडू गेला, आणि चेंडू पोचेपर्यंत कर्णधार आनंदी तिथे होती. हमीदभाईंच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. असा पास त्यांनी दत्तोबांच्या वेळेनंतर पाहिला नव्हता.

पण गोपाळकृष्णाने तिला बाकावर बसवून ठेवलं. का, तर ती उडी मारून एका हाताने बास्केट टाकते. बाबा छातीपासून दोन्ही हातांनी टाकायला शिकवायचे. महिनोन् महिने पोरगी बाकाची धूळ पुसत राहिली.

शेवटी अंतिम सामन्याच्या दिवशी सर्जेरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “आज ही उतरली न्हाई तर उद्यापासून चेंडू बंद. नुसतं बसायला वारज्यात पार हाय की आमचा.” मुक्ता बुटांकडे बघत राहिली.

सामना हातचा जात होता. रेफरीवर ओरडल्याबद्दल गोपाळकृष्णाला गैरवर्तनाचा एक फाउल आधीच मिळाला होता. शेवटचा टाइमआउट झाला. गोपाळकृष्णाने खुर्चीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि त्याच पाच मुलींना परत पाठवलं. सर्जेरावांनी खिशातून जीपची चावी काढली. “चल गं.” मुक्ता खाली वाकून लेस सोडायला लागली.

तेवढ्यात हमीदभाई भिंत सोडून आले. खुर्चीवरचा हार काढून त्यांनी गोपाळकृष्णाच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

“अहो हमीदभाई! उठा आधी! बाबांची खुर्ची आहे ती!”

“तुमचे बाबा हिच्यात बसलेले पाहिलेत कधी? आठवून सांगा, मी थांबतो.” हमीदभाईंनी टॉवेल ओढला. तांबडी अक्षरं उघडी पडली. “बाबांची आहे, पण माझ्या.”

रेफरीने खेळ सुरू करायची शिट्टी दिली होती. गोपाळकृष्ण हारासकट त्याच्या अंगावर धावला. “आधी या माणसाला उठवा! तुम्हाला दिसत नाही का?” रेफरीला दिसलं. त्याने दुसरा फाउल दिला. दुसऱ्याला कोच मैदानाबाहेर जातो, आणि संघ मदतनीस कोचच्या हाती जातो. मदतनीस गोपाळकृष्णाने कधी ठेवलाच नव्हता. खुर्ची होती ना! मग उरली कर्णधार.

आनंदी भांबावून म्हणाली, “चाचा, आता काय करू?”

“मला काय विचारतेस? मी खुर्च्या भाड्याने देतो. बाकावर कोण आहे ते बघ.”

आनंदीने वळून पाहिलं. “मुक्ता, लेस बांध!”

पुढे जे झालं ते पाहायला दत्तोबा हवे होते. मुक्ताने एका हाताने बास्केट टाकले, न बघता पास दिले, आणि समोरच्या धिप्पाड मुली एकमेकींवर आपटायला लागल्या. तरी मंडळ एका गुणाने हरलं. गोपाळकृष्णाच्या दुसऱ्या फाउलबद्दल समोरच्यांना जो फ्री थ्रो मिळाला, त्याचाच तो गुण. त्यात आपला किती वाटा हे हमीदभाईंना चांगलं कळत होतं.

सर्जेरावांनी चावी परत खिशात टाकली. “पुढचा सराव कवा हाय?”

“दर रविवारी असतो तसाच, रविवारी,” हमीदभाई म्हणाले आणि खुर्ची घडी करून काखेत मारून घरी गेले.

पुढच्या रविवारी सरावाच्या सामन्यात मुक्ता पहिल्या पाचात होती. गोपाळकृष्ण येईल त्याला सांगत होता, “बाबांच्याच परंपरेतली आहे. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.” त्याच्या शेजारी प्लॅस्टिकची कोरी खुर्ची होती, तिच्यावर नवा टॉवेल, नवा हार. दोघेजण चपला काढून तिच्या पाया पडून गेले.

हमीदभाईंनी आपली लोखंडी खुर्ची तिला खेटून उघडली आणि बसले. टाइमआउट झाला. गोपाळकृष्णाने प्लॅस्टिकवर हात ठेवून डोळे मिटले.

“नवा नंबर घेतला वाटतं,” हमीदभाई म्हणाले.

त्याने डोळे उघडेपर्यंत मुक्ता कोर्टावर जाऊन उभीसुद्धा राहिली होती.