शिंगांवरची लव

तुम्ही नातवंडांनी दिलेलं स्टॅगहॉर्न फर्न मी हॉलच्या भिंतीवर, कूलरच्या झोतापासून दूर टांगलं. लाकडी फळीवर शेवाळात बांधलेलं झाड, पानं सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली. त्यांच्यावर पांढुरकी धूळ दिसायची. माझ्या घरात धूळ टिकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारी आधी फोटोंच्या चौकटी पुसायच्या आणि मग त्याच ओल्या फडक्याने एकेक पान. महिन्या-दोन महिन्यांत पानं चकचकीत झाली. मी खूश होते.

एप्रिलमध्ये पानांनी माना टाकल्या. व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठीने पाहिलं आणि ती ओरडलीच, "आजी, ती धूळ नव्हती! पानांची लव होती. त्यांच्यातलं पाणी तीच धरून ठेवते."

पुसलेली लव परत येत नाही. यवतमाळच्या कोरड्या उन्हाळ्यात मग एकच उपाय उरला. रोज सकाळी फळी उतरवायची, दहा मिनिटं बादलीत बुडवायची, निथळली की परत टांगायची. एक दिवसही चुकवायचा नाही.

त्याच आठवड्यात उमरखेडहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिने घर विकलं होतं. महिनाअखेर ती मुलाकडे पुण्याला जाणार होती. "चार दिवस ये. या अंगणात शेवटच्या कुरडया घालू."

मी झाडाचं सांगितलं.

"काहून, झाड पळून जाते का?"

"वाळेल गं."

"मंग मी काय हिरवी होऊन राह्यली?"

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी हे ऐकलं. "मावशी, मी बुडवतो ना. तुम्ही बिनधास्त जा."

मी त्यांच्यासाठी सूचना लिहिल्या. एक पान झालं, मग दोन झाली. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "येवढं तं मी माह्या पोरीच्या बाळंतपणात नाही केलं!" आम्ही दोघी हसलो. तरीही मी तिकीट काढलं नाही. बादलीत पाणी जास्त झालं तर? फळी उलटी टांगली तर? एका रात्री पिशवी भरली, आणि मग रोज सकाळी तिच्यातलं एक लुगडं नेसायला काढायचं. अशी ती पिशवी रिकामी झाली. दार उघडंच होतं, आणि मी आत बसून होते.

महिना संपला. निघताना बहिणीने फोन केला. कुरडया घालायला शेजारणींनी मदत केली म्हणाली. अंगणाबद्दल बोलली नाही. "जगलं का तुझं झाड?" एवढंच विचारलं.

"जगलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिची गाडी आली.

फोटो पाठवते आहे. मधोमध नवं पान आलं आहे, लवेसकट. छान आहे म्हणून कळवाल, पण आधी तुमच्या मावशीआजीला फोन करा. माझा ती उचलत नाही.