माझी गाडी पुन्हा उंच कुणी केली?

मंडळी, कोपराला हळद लावून बसलेय, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी उंची जेमतेम पाच फूट. ॲडव्हेंचर बाईक घेतली तेव्हा पाय टेकेचनात, म्हणून उल्हासनगर कॅम्प दोनच्या मेकॅनिककडून सस्पेन्शन खाली करून घेतलं. साइड स्टँडही त्याच मापाने कापला. तेव्हापासून बारवी धरणाच्या रस्त्याला मी एकटी बिनधास्त जाते.

रविवारी नवरा मित्रांबरोबर माझी गाडी घेऊन फिरायला गेला होता. त्यानंतर आज सकाळीच मी ती बाहेर काढली; ओट्याला टेकवून ठेवलेली होती, तिथूनच वर बसून घाईत निघाले. चिखलोलीला पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक मारून पाय खाली टाकला, तर खाली जमीनच नाही! गाडीसकट आडवी झाले. रिक्षावाल्याने गाडी उचलून दिली. स्टँडवर लावली तर इतकी कलली की परत पडता पडता राहिली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

मेकॅनिकला फोन लावला. "मॅडम, साहब आए थे ना. बोले, वापस ऊंचा कर दो, मॅडम को मैं बता दूंगा."

घरी येऊन नवऱ्याला विचारलं.

"अगं, पोरं हसतात, बुटकी गाडी म्हणून. परत खाली करणारच होतो. वाटलं, तेवढ्यात तुला काय कळतंय!"

ही गाडी मी पहिल्यांदा चालवली, तेव्हा "टेकव पाय, मी आहे" म्हणत शेजारून धावणारा हाच माणूस.

आता तुम्हीच सांगा, माझे पाय जमिनीला लागत नाहीत हे मला कळणार नाही, असं त्याला वाटलंच कसं?