चित्रातला काळा माणूस

विलायतेला परत जाताना बंगल्यातल्या मडमेने आपल्या मुलांचे एक चित्रांचे पुस्तक आमच्या मुलीला दिले. माझे यजमान खंडाळ्याच्या त्या बंगल्यावर माळी होते आणि आम्ही तिघे बंगल्यामागच्या खोलीत राहत होतो. मुलगी चारेक वर्षांची होती.

पुस्तक इंग्रजी. मी मराठी चौथी शिकलेली, तेव्हा मीही तिच्यासारखी चित्रेच बघायची. सगळी मुले गोरी, गालांवर गुलाबी रंग. काळा असा एकच जण होता. झाडाआड उभा, डोक्यावरून काळे काहीतरी पांघरलेला. गोष्टीत तो कोण होता ते मला आजही ठाऊक नाही.

मुलीने विचारले, ह्यो कोण? मी भाकरी थापत होते. न जेवणाऱ्या पोरांना सांगतात तेच नाव तोंडात आले. म्हटले, बागुलबुवा.

तिने आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, ह्याचा हात माज्यावाणी हाय."

मी पुस्तक मिटवून भाकरी तव्यावर टाकली. तेव्हापासून ती हात परकराखाली लपवू लागली. अंधारून आले की मला चिकटून बसायची. बागुल तिला न्यायला येणार की तीच बागुल होणार, यातले कशाचे भय तिला वाटत होते ते ती सांगेना आणि मला विचारायचा धीर होईना.

श्रावणात धुके इतके उतरले की दारातून फाटक दिसत नव्हते. संध्याकाळी हे कामावरून आले. पावसासाठी काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली होती, जशी आमच्या मावळात सगळेच घेतात. मुलगी दारात उभी होती. तिने खोळ पाहिली, काळा हात पाहिला, किंकाळी फोडली आणि मागच्या बाजूला पळाली. मागे दहाबारा पावलांवर दरी होती.

हे हाका मारत धावले. ते जितके हाका मारीत तितकी ती लांब जाई. मग धुक्यात पावले ऐकू येईनाशी झाली. खडा निसटून खाली गेल्याचा आवाज तेवढा आला.

नवऱ्याला मी तोवर कधी काही करा असे म्हटले नव्हते. त्या वेळी म्हणाले, "अवं, हाक मारू नगा. घोंगडी काढा आन् हाये तितंच बसा."

ते चिखलात बसले. मी अंदाजाने दरीच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "बाय, त्यो बागुल न्हाई. तुजा बा हाय."

धुक्यातून बारीक आवाज आला, "मग काळा का?"

उत्तर यांनीच दिले.

"काळाच हाय मी. माजी आई काळी, मी काळा, तू बी काळी. आपन समदी अशीच."

"मग बागुल?"

"त्यो कुटं ऱ्हातो मला ठावं न्हाई. मी गुलाबाला खत घालून आलोय. हात हुंगून बघ."

त्यांनी हात पुढे धरला. किती वेळ गेला कोण जाणे. कारवीच्या झुडपांतून आधी परकर दिसला, मग ती. तिने हात हुंगला, शेण म्हणाली आणि त्यांच्या मांडीत शिरली.

पुढे पुस्तकाच्या कोऱ्या पानावर मी काजळाने तीन माणसे काढली. हातपाय विळ्यासारखे वाकडे आले. तीनही काळी. तिने एकेकावर बोट ठेवून बा, आई, मी असे म्हटले. झाडाआडच्या माणसाचे पान मात्र ती उघडू देईना.

पाऊस सरेपर्यंत हे फाटकातच घोंगडी उतरवून भिजत यायचे, चेहरा आधी दिसावा म्हणून. ती दारातून निरखून बघायची. "बा" म्हणेपर्यंत मी तव्यावरची भाकरी उलटत नसे.